पाठमोरा अँटेना

डेस्कटॉप म्हणजे घरातला न हलणारा सदस्य. त्याला टेबलाखाली, भिंतीकडे पाठ करून, वायरींच्या जंजाळात बसवायचं आणि मग हॉलमधल्या राउटरशी त्याने हवेतून बोलावं अशी अपेक्षा करायची, हाच मुळात थोडा अन्याय आहे. त्यावर उपाय म्हणून वाय-फायचं यूएसबी डोंगल घ्यायला दुकानात गेलेला माणूस खोक्यावरच्या आकड्याला भुलतो. एसी १३००! हे १३०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ बँडचे ४०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज, तीही वर ढकलून गोल केलेली. डोंगल मात्र एका वेळी एकाच बँडवर चालतं. सांगून आलेल्या स्थळाने स्वतःच्या पगारात थोरल्या भावाचा पगार मिळवून सांगावा, तसला हा हिशेब. त्यातून डोंगल यूएसबी २.० चं निघालं, तर त्या दाराचीच कमाल क्षमता ४८० एमबीपीएस.

म्हणून माझं म्हणणं असं, की आकडा राहू द्या, अँटेना कुठे उभा राहणार ते आधी बघा. नखाएवढं नॅनो डोंगल मागच्या पोर्टात खोचलं, की त्याच्या एका अंगाला कॅबिनेटचा पत्रा आणि दुसऱ्या अंगाला भिंत. पत्रा लहरी अडवतो. त्याला खोक्यावरचं काही वाचता येत नाही. शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टात हार्ड डिस्क चालू असेल तर तिचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास उठतो. इंटेलने २०१२ साली यावर रीतसर निबंध काढला होता. उतारा मात्र अगदीच किरकोळ: मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन लावा आणि डोंगल टेबलावर आणा.

जाणकार म्हणतील, डोंगल हा पोरखेळ, पीसीआयई कार्ड बसवा. बसवा, पण त्याचे ऐटबाज अँटेने कार्डालाच स्क्रूने लागणारे असतील, तर तेही त्याच पत्र्यामागे भिंतीशी गुजगोष्टी करणार. वायरीवर, चुंबकाच्या बैठकीसह येणारे अँटेने असतील तरच कार्डात अर्थ. ब्लूटूथसाठी कार्डापासून मदरबोर्डच्या यूएसबी हेडरपर्यंत वेगळी वायर जोडावी लागते, ती खोक्यातच विसरली जाते आणि शिव्या हेडफोनला पडतात. सुटा एम.२ मॉड्यूल घेणाऱ्यांनी इंटेलच्या एएक्स२०० आणि एएक्स२०१ यांतला एकचा फरक क्षुल्लक मानू नये. २०१ एएमडीच्या बोर्डात व्यवस्थित बसतो, फक्त चालत नाही.

‘त्यापेक्षा लॅनची वायरच ओढा की!’ हा आक्षेप मात्र बिनतोड आहे. कॅट ६ ची वायर शंभर मीटरपर्यंत १००० एमबीपीएस निमूट पोचवते. पण भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडणं म्हणजे डिपॉझिटला भोक पाडणं, आणि उंबऱ्यावरून नेलेल्या वायरीचं केरसुणीशी हाडवैर असतं. शिवाय घरातला प्लॅनच १०० एमबीपीएसचा असेल, तर बऱ्या जागी ठेवलेलं मध्यम डोंगलही तेवढं आरामात देतं. अडचण एवढीच, की टेबलावर उघडं पडलेलं ते डोंगल घरच्यांच्या लेखी पसारा असतं. दिवाळीच्या साफसफाईत ते एक्स्टेन्शनसकट परत कॅबिनेटमागे सरकवलं जाणार, आणि त्याची वॉरंटी कुठलीच कंपनी देत नाही.