बल्ब झाका, ताट दिसू द्या

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या मोडनिंबात आणि आसपासच्या वस्त्यांवर डाळिंब-द्राक्षांच्या पैशातून नवे बंगले उभे राहिलेत. बंगला म्हटला की लटकता दिवा आलाच. हौस जरूर करावी, घामाचा पैसा आहे. पण दिवा टांगूनही ताटात अंधारच असेल, तर तो पैसा पाण्यात गेला.

पहिली चूक स्लॅबच्या वेळी होते. वायरमन खोलीच्या मधोमध पंख्याचा हुक सोडून मोकळा होतो. जेवणाचं टेबल कुठे येणार, हे कुणी ठरवलेलंच नसतं. मग मोबाइलवर बघून मागवलेला दिवा पंख्याला खेटून लटकतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवायची सोय नाही. दिवा झुलत राहतो, पात्यांच्या सावल्या भिंतीवर नाचतात आणि घास घेणाऱ्याचं डोकं उठतं.

दुसरी चूक उघड्या बल्बची. पारदर्शक काचेच्या गोळ्यातला झगझगीत बल्ब थेट डोळ्यांत घुसतो. डेन्मार्कचे डिझायनर पाउल हेनिंगसेन यांनी या प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं. १९५८ सालचा त्यांचा ‘पीएच ५’ दिवा आजही बनतो. त्याच्या शेड अशा रचल्यात की बसलेल्या माणसाला बल्ब दिसत नाही, उजेड मात्र टेबलावर नीट उतरतो. शोभा त्यातूनच आली.

तिसरी चूक वर तोंड असलेल्या वाटीची. पहिला पाऊस पडला की शेतातली पाखरं दिव्यावर झेपावतात. चार दिवसांत वाटीच्या तळाशी मेलेल्या किड्यांचा थर साचतो. स्टूल घेऊन तो उपसायचं काम घरातल्या बाईच्या माथी येतं. दिवा पसंत करताना तिला कुणी विचारलेलं नसतं.

टांगता दिवा आपल्याला नवा नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने दिवे बघा. लामणदिव्याची पितळी साखळी शोभेची होतीच, शिवाय ज्योत हव्या त्या उंचीवर आणायच्या कामाची होती.

तेव्हा स्लॅब पडण्याआधी टेबलाची जागा खडूने आखा आणि पॉइंट तिथेच काढून घ्या. दिवा टेबलापासून साधारण अडीच फूट वर ठेवा. बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा, पिवळसर उजेडाचा घ्या. दुकानात दिवा लावायला सांगा, खुर्चीवर बसा आणि वर बघा. डोळे दिपले, तर तो दिवा तिथेच सोडून या.