नानकटाईची इशारा पातळी

कोल्हापूरच्या पावसाळ्याचा विचार करताना दोन आकडे वगळता येत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी 39 फुटांवर गेले की ती इशारा पातळी आणि 43 फुटांवर गेले की ती धोका पातळी, हे येथील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मात्र अतिवृष्टीमुळे शाळांना सुट्टी जाहीर झाल्यानंतर तीच शेंबडी पोरे घरात कोणत्या पातळीवर पोहोचतात, हे मोजण्याची पट्टी अद्याप कोणत्याही खात्याने बसवलेली नाही. त्यामुळे अशा दिवशी घरातील वडीलधारी माणसे पूर्वसूचनेशिवायच सापडतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा बेतही सापडतो.

बेत म्हणजे सकाळच्या चहाबरोबर मनात मांडला जाणारा आणि त्यामुळे चहाइतकाच वेळ गरम राहणारा कामांचा क्रम होय. जुलैमधील कोल्हापुरी बेतात साधारणतः तीन कलमे असतात: घरभर दोऱ्या बांधून तीन दिवसांचे ओले कपडे पंख्याखाली वाळवणे, डाळी निवडून पुन्हा डब्यात भरणे, आणि उन्हाळ्यात करून ठेवलेल्या चटणीला दमट हवेने बुरशी तर धरली नाही ना, हे पाहणे (येथे चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूचा पदार्थ नव्हे, तर कांदा-लसूण घालून कुटलेले वर्षभराचे तिखट होय). राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे ज्याप्रमाणे पाण्याचा दाब वाढताच आपोआप उघडतात, त्याचप्रमाणे ‘आता काय करू?’ या प्रश्नाचा दाब वाढला की हा बेतही आपोआप वाहून जातो, आणि रिकाम्या झालेल्या ओट्यावर मैद्याचा डबा येतो.

अशा वेळी भाकरी किंवा भजी न निवडता नानकटाईच का निवडली जाते, याला कारण आहे. भाकरी थापण्यास हात तयार असावा लागतो आणि भज्यांचे उकळते तेल लहान मुलांच्या आसपास नको असते. नानकटाईचे मात्र भाजण्याखेरीज सर्व काम विस्तवापासून दूर, जमिनीवर परात घेऊन करता येते. या नावातील ‘नान’ हा भाजलेल्या रोटीसाठी असलेला फारसी शब्द असला, तरी पश्चिम महाराष्ट्रात या पदार्थाचे खरे माहेर म्हणजे बेकरीची भट्टी. दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर आणि तूप किंवा डालडा घेऊन बेकरीत जायचे, पत्र्यांवर मांडलेली आपली नानकटाई भाजून निघेपर्यंत तेथेच थांबायचे आणि गरम डबा घेऊन घरी यायचे, ही कित्येक घरांची रीत होती. पावसाळ्यातील सुट्टीला ही भट्टी घरच्या कुकरमध्ये भरते. झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी काढून ठेवायची, तळाशी पाण्याऐवजी मिठाचा थर द्यायचा, त्यावर जाळी ठेवून कुकर दहा मिनिटे तापवायचा, म्हणजे वाफेविना कोरडी आणि सगळीकडून सारखी आच मिळते. काढून ठेवलेली शिट्टी तत्काळ धाकट्याच्या तोंडात जाते आणि पुढील सर्व प्रक्रिया तिच्या साथीने पार पडते.

प्रमाण सोपे आहे: एक वाटी मैद्यास अर्धी वाटी तूप आणि अर्धी वाटी पिठीसाखर. तूप आणि साखर तळहाताने गोल गोल फिरवत पांढरे व हलके होईपर्यंत घोटण्यास फेसणे म्हणतात, आणि त्यात अडकलेल्या हवेमुळेच नानकटाई भाजताना हलकी होते. मुलांच्या हाती फेसण्याचे काम दिल्यास साखर झपाट्याने कमी होते, पण हवा मात्र कमी पडत नाही. या टप्प्यावर लुडबुड या संज्ञेचा परिचय करून घेणे आवश्यक आहे. मदत करणाऱ्याच्या दृष्टीने जी मदत असते आणि मदत घेणाऱ्याच्या दृष्टीने जी नसते, तिला लुडबुड म्हणतात.

खरा पेच मळण्याच्या वेळी उद्भवतो. तालमीच्या हौद्यातील लाल माती ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मऊ केली जाते, हे ऐकून असलेल्या कोल्हापुरी बालकास परात आणि हौदा यांतील भेद सहसा मान्य नसतो, आणि त्यामुळे समोरचा गोळा चितपट होईपर्यंत तो त्यास सोडत नाही. पाकशास्त्र मात्र येथे कुस्तीच्या विरुद्ध बाजूस उभे राहते. मैदा ओला करून रगडला की त्यातील प्रथिनांचे ग्लूटेन नावाचे चिवट जाळे तयार होते, जे पावाला हवे असते आणि नानकटाईला नको असते. पिठात घातलेले तूप, म्हणजेच मोहन, कणांना वेढून हे जाळे होऊ देत नाही आणि म्हणूनच पदार्थ खुसखुशीत होतो. थोडक्यात, जितके अधिक मळावे तितके कडक व्हावे. सकाळचा बेत तीन कलमांत घट्ट मळलेला होता आणि त्यात मोहन अजिबात नव्हते, ही गोष्ट घरातील आजीच्या ध्यानात येते. ती बोलून दाखवत नाही, फक्त परातीत आणखी एक चमचा तूप घालते.

या उद्योगास शिक्षणशास्त्राचा आधारही आहे. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोम येथे सुरू केलेल्या बालगृहात ओतणे, निवडणे, पुसणे ही घरगुती कामे हाच अभ्यास होता. ताराबाई मोडक यांनी तो विचार महाराष्ट्राच्या मातीत रुजवला, आणि खुद्द कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय स्थापून आनंद आणि शिक्षण यांचे वैर नाही, हे दाखवून दिले. सांडलेले मुलांनीच पुसावे, असे या परंपरेचे सांगणे असून मुले ते आनंदाने पाळतात. फक्त ती ओल्या फडक्याने मैदा पुसतात, आणि त्यामुळे फरशीवर पतंग चिकटवण्याजोगी उत्तम खळ तयार होते.

चारोळीसाठी प्रत्येक गोळ्यावर अंगठा दाबण्याचा मान मुलांचा असतो. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला, तेव्हा अंगठेबहाद्दरांचा काळ संपणार हे उघड होते. कुकरच्या ताटलीत मात्र अंगठा हाच आजही मालकीचा एकमेव ग्राह्य पुरावा आहे. वीस-पंचवीस मिनिटांनी नानकटाई बाहेर येते, तेव्हा प्रत्येक अंगठ्याचा धनी पुढे होऊन आपला ऐवज ओळखतो, त्यावरून भांडतो आणि तो गरम असतानाच संपवतो. सायंकाळी दोरीवरची एकमेव वाळलेली पांढरी चादर काढताना तिच्या मधोमध तुपाचा एक ठसठशीत अंगठा आढळतो, आणि त्याचा धनी मात्र काही केल्या पुढे येत नाही.