खांदा कुणाचा?

अहो, ऐकलंत का? मळ्यातल्या आक्कांची नात यॉर्कला जाऊन आली! हो हो, तीच. नंदीनगरच्या व्हेटर्नरीत जाईल असं सगळ्यांना वाटत होतं आणि गेली लीड्सला एमएस्सी करायला, ती. आक्का इथं साऱ्या कमठाण्याला सांगत होत्या, "पोरगी शनिवार-रविवार लायब्ररीतच असते बाई, मान वर करत नाही." आणि शनिवारी रात्री बघावं तर व्हॉट्सॲपला स्टेटस! मागं दगडी तटबंदी, पुढं ही हसतेय, आणि शेजारी... निळ्या जाकिटातला एक खांदा. नुसता खांदा हो! बाकीचं माणूस फोटोत आलंच नाही.

झालं. रविवारी सकाळी नळावर दुसरा विषय नाही. कोपऱ्यावरच्या सूनबाई, तुम्हाला माहीतच आहे त्यांचं, म्हणाल्या, "पुरुषाचाच आहे, केवढा रुंद आहे बघा की." त्यांच्या नणंदेनं म्हणे फोटो मोठा करून मनगटावरचं घड्याळही बघितलं. त्यात पोरगी रात्रीची तिथं मुक्कामाला राहिलेली, आणि इकडं भालकीच्या स्थळाची बोलणी चाललेली. आक्कांपर्यंत बातमी जायला कितीसा वेळ लागतो! चुलीपुढं बसल्या होत्या, तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांचं लक्ष नाही. तोंड एवढंसं झालेलं.

तर काय सांगत होते... हां, फोन. रविवारी संध्याकाळी पोरीचा व्हिडिओ कॉल येतो हे सगळ्यांना ठाऊक. मी आपली साखर मागायला गेले होते. सूनबाई विरजण मागायला आलेल्या. त्यांच्या नणंदेनं तर काही मागितलंच नाही, सरळ येऊन बसली. गुरुजी तेवढे आधीपासून खुर्चीत.

आक्कांच्या ओठावर प्रश्न आलेला, पण गुरुजी आडवे आले. इतिहास शिकवलाय ना जन्मभर. त्यांना वाटलेलं पोरगी केंब्रिजला गेली असेल. "रँग्लर परांजपे 1899 साली तिथं गणितात पहिले आले, आपले नारळीकर तिथंच शिकले, ते सोडून यॉर्क कशाला?" पोरगी म्हणाली, "गुरुजी, यॉर्क लीड्सहून जवळ आहे, रेल्वेनं अर्धा तास, आणि तटावरून फिरायला पैसे पडत नाहीत." गुरुजी खूश. मग काय, रोमन लोकांनी इसवी सन 71 मध्ये ते गाव वसवलं, 306 साली कॉन्स्टंटाइनला बादशहा म्हणून तिथंच जाहीर केलं... आक्का बिचाऱ्या पदराचं टोक चावत बसलेल्या.

तिथं शँबल्स म्हणून एक गल्ली आहे म्हणे. पूर्वी खाटकांची. वरचे मजले एवढे पुढं काढलेले की खाली ऊन पडू नये, मांस नासू नये. आक्का माळकरी, त्यांनी लगेच मान वळवली. मग पोरगी म्हणाली, किटकॅट 1935 साली याच गावातल्या कंपनीनं काढलं, तशी धाकटी दोन्ही पोरं मोबाइलात घुसली. त्यांना हाकलेपर्यंत पाच मिनिटं गेली.

आता पुढचं ऐका. तिथं मिन्स्टर म्हणून भलंमोठं चर्च आहे. आत्ताच्या इमारतीचं काम 1220 च्या सुमाराला काढलं आणि पुरं झालं 1472 ला. अडीचशे वर्षं! मला आपल्या गल्लीतली नालीच आठवली. पण गुरुजी खुर्चीत ताठ झाले. "1472? अगं, त्याच सुमाराला बिदरला महमूद गावानचा मदरसा झाला!"

पोरगी गप्पच झाली. म्हणाली, "गुरुजी, पीयूसीला असताना त्याच्यासमोरून किती वेळा गेले, आत एकदाही पाऊल टाकलं नाही. आणि इथं पौंड मोजून चर्च बघितलं."

मग गुरुजींना कोण अडवणार! तीन मजली मदरसा, बाहेरून निळ्या नक्षीच्या फरशा, आत तीन हजार ग्रंथ होते म्हणतात. औरंगजेबाच्या काळात दारूचा भडका उडाला, एक मिनार गेला. पोरगी म्हणाली, मिन्स्टरवरही 1984 ला वीज पडली, एका बाजूचं छत जळालं, पण त्यांनी चार वर्षांत पुन्हा उभं केलं. गुरुजी नुसतं "हूं" म्हणाले.

एवढ्यात सूनबाईंना राहवेना. "ते सगळं असू दे गं, तो निळ्या जाकिटातला कोण?"

पोरगी खळखळून हसली. "ये गं इकडं," म्हणाली. आणि कॅमेऱ्यात कोण यावं? नांदेडची मुलगी! तिची रूममेट. केस बॉयकट, अंगानं दणकट, व्हॉलीबॉल खेळते. "नमस्कार आजी, ती येळवसाच्या भज्जीचं फार सांगते, मला कधी बोलावताय?" अहो, आक्का रडायच्याच बाकी राहिल्या. आणि सूनबाईंचा चेहरा... तुम्ही असायला हवं होतं. नणंद तर मोबाइलाकडं बघायलाच तयार नाही.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "गावानचंही असंच केलं. वैऱ्यांनी त्याच्या शिक्क्याच्या कागदावर ओरिसाच्या राजाला खोटी चिठ्ठी लिहिली आणि सुलतानाला दाखवली. सुलतान दारूच्या नशेत. चौकशी नाही, काही नाही, 1481 साली त्या म्हाताऱ्या वजिराचं मुंडकं उडवलं. मागाहून सुलतान पस्तावला म्हणे, पण गेलेलं डोकं परत बसतं का?"

सूनबाईंना एकदम गॅसवरचं दूध आठवलं. विरजण तिथंच विसरल्या.

भालकीच्या पाहुण्यांना तो फोटो कुणी पाठवला तेही मला ठाऊक आहे, पण मी मेली कशाला कुणाचं नाव घेऊ! आक्कांनी त्यांना स्वतः फोन करून खांद्याचं सगळं सांगितलं, बोलणी चालू आहेत. आणि येत्या रविवारी गुरुजी आम्हाला मदरसा दाखवायला बिदरला नेणार आहेत. आक्काही निघाल्यात, धपाटे त्यांचेच. तुम्हीही चला की! फक्त सूनबाईंना माझं नाव सांगू नका हं.