निश्चित चांगला

समुद्रपूर तालुक्यात आळशी माणूस एकही नाही. माझ्याकडे लेखी पुरावा आहे. बुटीबोरीच्या कंपन्यांत अर्ज करणारे पोट्टे आपला बायोडाटा 'इंग्रजी तपासाले' माझ्याकडे आणतात, आणि त्यातला प्रत्येक जण हार्डवर्किंग, पंक्च्युअल, डायनॅमिक आणि सेल्फ-मोटिव्हेटेड असतो. झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर फाइल एकच आहे. नाव, गाव, जन्मतारीख बदलते; गुण जागचे हलत नाहीत. घाईगर्दीत कधी वडिलांचं नावही बदलायचं राहून जातं. मग गिरडचा मुलगा नंदोरीच्या कुणाचा तरी वारस होऊन मुलाखतीला जातो.

मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो, एवढ्या भांडवलावर गावाने मला इंग्रजीचा जाणकार ठरवलं आहे. मीही नाही म्हणत नाही. चहा मिळतो.

मागे एक जण आला. यादीत 'सेल्फ-स्टार्टर' होतं.

"हे काय आहे रे?"

"गाडीचं असन काका. पण माही गाडी जुनी हाये, किक मारा लागते. खोटं कायले लिवाचं? काढून टाका."

मी काढून टाकलं. पुढे 'एबल टू वर्क अंडर प्रेशर' होतं. ते त्याने ठेवायला सांगितलं. घरी थोरला भाऊ आहे म्हणाला.

विशेषणांवर हसायचा अधिकार मला खरं तर नाही. माझी अख्खी नोकरी एका विशेषणावर गेली. आमच्या गोपनीय अहवालात प्रतवारी असायची: अत्युत्कृष्ट, उत्कृष्ट, निश्चित चांगला, चांगला, साधारण. मी बहुतेक वर्षं 'निश्चित चांगला' होतो. बायकोला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "साहेबाले आधी शंका होती का?" शंका 'चांगला'बद्दल असते, हे तिला कोण सांगणार? सरकारी भाषेत नुसता चांगला माणूस म्हणजे काळजीचाच विषय. सीमा रस्ते संघटनेतल्या एका अभियंत्याच्या १९९३-९४च्या अहवालात साहेबाने 'गुड' लिहिलं. बढतीला 'व्हेरी गुड' लागत होतं, म्हणून बढती हुकली, आणि 'गुड'चा शेरा त्याला कुणी कळवलाही नव्हता. भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००८ साली न्यायालयाने सांगितलं की शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. चांगला म्हटल्याबद्दल दाद मागायला दिल्ली गाठावी लागते, असा हा व्यवहार.

आमच्या जिल्ह्याला गुणांची यादी काही नवी नाही. सेवाग्रामच्या प्रार्थनेत अकरा व्रतं म्हटली जातात. शरीरश्रम आहे, अस्वाद आहे, निर्भयता आहे. वक्तशीरपणा मात्र त्यात नाही, आणि कमरेला घड्याळ लटकवून मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारे बापू तिथेच राहत होते. बायोडाटा लिहिणाऱ्यांनी यावर विचार करायला हरकत नाही.

बैलाच्या बाबतीत आम्ही असला सैलपणा खपवून घेत नाही. गवळाऊ ही वर्धा-नागपूरकडची अस्सल जात, चालायला चपळ. पण 'चपळ आहे' एवढ्यावर कोणी पैसे मोजत नाही. दात बघतात, दोनदाती की चारदाती की जुळलेला. उजवीकडे चालतो की डावीकडे, मारका आहे का, तासात मधेच बसतो का, हे विचारतात. मग जुंपून पाहतात. डायनॅमिक बैल अजून बाजारात आलेला नाही.

पोराच्या कागदावर मात्र 'एक्स्पीरियन्स' या रकान्यात 'फ्रेशर' लिहिलेलं असतं. हा फ्रेशर दहाव्या वर्षापासून कापूस वेचतो आहे. कृषिपंपाची थ्री-फेज रात्री येते तेव्हा पुसाच्या थंडीत बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला जातो, आणि वाटेत रानडुक्कर भेटलं तर निर्णय स्वतः घेतो. त्या किकवाल्या पोराला मी म्हटलं, हे लिहू. तो लाजला. "हे का काम हाये काका? हे तं घरचं हाये."

शेवटी डायनॅमिक ठेवूनच तो गेला. मुलाखतीत साहेबाने स्ट्रेंग्थ विचारली. याने यादी घडाघडा म्हणून दाखवली. साहेब जांभई आवरत म्हणाले, "आणि वीकनेस?"

वीकनेस फाइलमध्ये नव्हता. त्यामुळे पोरगं पहिल्यांदाच स्वतःचं बोललं.

"सर, पोळ्याले अन् तान्ह्या पोळ्याले मी येणार नाही. पगार कापा, पण येणार नाही."

साहेब मूळचे हिंगणघाटचे निघाले. त्यांनी बायोडाटा मिटून बाजूला ठेवला. "त्या दोन दिवशी मी तरी कुठं येतो बे? एक तारखेपासून ये."