शेवटच्या 340 नोंदींबद्दल

माजी सहकारी यांस,



आपली भेट कधी झाली नाही. तुम्ही नोकरी सोडलीत, दोन महिन्यांनी मी त्याच खुर्चीत बसलो आणि तुमचा पायथनचा कोड माझ्या गळ्यात पडला. पत्र मुद्दाम खुलं लिहितो आहे, कारण तुम्ही केलंत ते करणारे आणखी बरेच आहेत.

रात्री चालणारी ती स्क्रिप्ट आठवते? दूध संकलन केंद्रांवरच्या नोंदी, म्हणजे लिटर, फॅट, एसएनएफ, घ्यायच्या आणि पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्यांनी फाइलमध्ये लिहायच्या. उरलेला अर्धामुर्धा गठ्ठा लिहिण्याचं काम तुम्ही दिलंत डिस्ट्रक्टरला, पायथनच्या 'डेल' मेथडला. एका रात्री 12,340 नोंदी आल्या. चोवीस गठ्ठे लिहिले गेले. 340 नोंदी कुठेच नाहीत. नोंदी केंद्राच्या क्रमांकाने लागत, त्यामुळे रोज बुडायच्या त्या यादीतल्या शेवटच्या गावांच्याच.

तीन बिलं तशी गेली, दहा-दहा दिवसांची. शेतकरी पावत्या घेऊन केंद्रावर गेले, तर त्यांना सांगितलं गेलं की कॉम्प्युटर चुकत नाही. कॉम्प्युटर खरंच चुकला नव्हता. तुम्ही चुकलात.

चूक कशी घडली ते सांगतो. सुरुवातीला गठ्ठा सांभाळणारं तुमचं ऑब्जेक्ट एका फंक्शनच्या आत होतं. फंक्शन संपलं की त्याच्याकडे बोट दाखवणारं कोणी उरत नाही, रेफरन्स काउंट शून्यावर येतो आणि नेहमीच्या सीपायथनमध्ये 'डेल' तिथल्या तिथे चालतं. तुमची चाचणी पास झाली ती त्यामुळे. मग तुम्ही तेच ऑब्जेक्ट ग्लोबल केलंत. आता ते मरायचं ते थेट इंटरप्रिटर मिटताना. त्या वेळी घर आवरायला घेतलेलं असतं. मॉड्यूल यादीतून काढली जातात, अंगभूत नावांचा कोश सुरुवातीच्या प्रतीवर परत नेला जातो. फाइल उघडणारं 'ओपन' त्या प्रतीत नाही, कारण पायथन सुरू होताना ते मागाहून जोडलं जातं. म्हणून तुमच्या 'डेल'ला 'ओपन' नावाचं काही सापडेना. नेमएरर. 'प्रिंट' सापडतं, 'ओपन' नाही! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही तासभर स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

इथपर्यंत मी तुम्हाला माफ केलं असतं. हा सापळा जुना आहे. 2014 सालच्या 3.4 आवृत्तीपूर्वी तर मिटताना मॉड्यूलमधल्या ग्लोबल नावांच्या जागी सर्रास 'नन' भरलं जायचं. अँटवान पित्रू यांच्या पेप 442 या सुधारणा-प्रस्तावाने तो त्रास पुष्कळ कमी केला, संपवला नाही. आणि प्रोग्राम संपताना जी ऑब्जेक्ट्स जिवंत असतील त्यांचं 'डेल' चालेलच याची हमी नाही, हे पायथनच्या अधिकृत दस्तऐवजात सरळ लिहिलेलं आहे. तुम्ही ते वाचलं नाहीत.

पण तुम्हाला एरर दिसला होता. 'डेल'मधला अपवाद वर जात नाही, पायथन तो गिळतो, एक्झिट कोड शून्यच राहतो. तरी 'एक्सेप्शन इग्नोअर्ड' अशी ओळ स्टँडर्ड एररवर येते. तेवढी एकच ओळ ओरडत होती. तुम्ही 'डेल'मधल्या कोडभोवती ट्राय-एक्सेप्ट-पास गुंडाळलंत आणि कमिटमध्ये लिहिलंत, 'शटडाउनच्या वेळचा फालतू एरर बंद केला'. गिट ब्लेममध्ये 'पास'ची ती ओळ तुमच्या नावावर आहे. फालतू? कुणाच्या तरी दोन म्हशींच्या दुधाचे पैसे होते ते!

करायला हवं होतं ते अवघड नव्हतं. 'विथ' 2006 साली 2.5 आवृत्तीत आलं. ब्लॉक संपला की गठ्ठा लिहिला जातो, इंटरप्रिटर धडधाकट असतानाच, आणि लिहिताना काही बिघडलं तर स्क्रिप्ट बोंब मारून पडते. पडायलाच हवी. ऑब्जेक्ट ग्लोबल ठेवायचंच होतं, तर 3.4 पासून वीकरेफमध्ये 'फायनलाइझ' आहे. आवराआवर सुरू होण्याआधी, 'अ‍ॅटएक्झिट'च्या टप्प्यात ते चालतं. किल मायनस नाइनपुढे तेही चालत नाही, म्हणून पैशांचा हिशोब मी त्याच्यावरही सोडणार नाही. 'डेल' लिहिल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर सबप्रोसेस मॉड्यूलमधला पोपेन क्लास उघडून बघा: लागणारं वॉर्निंगचं फंक्शन डिफॉल्ट आर्ग्युमेंट म्हणून आधीच बांधून ठेवलेलं आहे. पायथन लिहिणाऱ्यांनीच मिटण्याच्या वेळेची एवढी धास्ती घेतली आहे, आणि तुम्ही त्या वेळेवर गावंच्या गावं सोडून दिलीत.

तुमचं 'डेल' मी काढून टाकलं. आता शेवटी घेतलेल्या नोंदी आणि लिहिलेल्या नोंदी मोजल्या जातात; आकडे जुळले नाहीत तर एक्झिट कोड एक आणि मला फोन. बुडालेल्या नोंदी आम्ही तिघांनी पावत्यांवरून हाताने भरल्या. काही पावत्या पावसात भिजून पुसल्या होत्या, त्या शेतकऱ्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

तुमच्या आत्ताच्या ऑफिसातही तुम्ही लिहिलेला कोड असेल. त्यात 'डेल' शोधा. सापडेल तिथे त्याच्या आत काय लिहिलंय ते आजच वाचा.

कळावे,
तुमच्या खुर्चीत बसलेला