खालीवरही ठोका

मैफलीत मान कुठे हलवायची याचे आमच्या घरात नियम आहेत. समेवर हलली तर जाणकार, समेच्या आधी हलली तर उतावीळ आणि सम होऊन गेल्यावर हलली तर सासुरवाडीकडचे. नियम वडिलांनी केले आणि मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात पुढून तिसऱ्या रांगेत बसून मी ते पाळत आलो. गाणं मला येत नाही. ऐकणं मात्र येतं, असं मी आजवर इतक्या जणांना सांगून ठेवलंय की आता माघार घ्यायला जागा उरलेली नाही.

म्हणून भाची जेवायला आली असताना "मामा, तू तर दिवसभर इलेक्ट्रॉनिक म्युझिक ऐकतोस की" असं म्हणाली, तेव्हा कोशिंबिरीचा चमचा माझ्या हातात तसाच राहिला. ही अंधेरीला एका स्टुडिओत सिनेमाच्या आवाजाचं काम करते. पडद्यावरचा नायक चालतो तेव्हा बूट हिचे वाजतात. तिने बोट दाखवलं ते कपाटावरच्या तंबोऱ्याकडे. आमचा तंबोरा म्हणजे एक पेटी. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला, तेव्हापासून तारा आणि भोपळा न परवडणाऱ्या घरांची सोय झाली. आमची पेटी सकाळी सहाला सुरू होते आणि रात्री कुणीतरी बंद करतं. कुणीतरी म्हणजे बायको.

"तार नाही, भोपळा नाही, वाजवणारा माणूस नाही," भाची म्हणाली. "एकच सूर तासन् तास. बाहेर लोक तिकीट काढून हे ऐकतात. ड्रोन म्हणतात."

"तो षड्ज-पंचम आहे."

"तेच."

ठरवलं, की हा विषय रीतसर शिकायचा. रीतसर म्हणजे वही घालून. हिशेबाच्या जुन्या वहीत घराणी मांडायला घेतली. शिकागो घराणं: गादी 'वेअरहाउस' नावाच्या क्लबात, १९७७ पासून गादीवर फ्रँकी नकल्स, 'हाउस' हे नावही त्या क्लबवरूनच. डेट्रॉइट घराणं, म्हणजे टेक्नो: वॉन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन, तिघेही शाळासोबती. मूळपुरुष म्हणून ड्युसेलडॉर्फचे क्राफ्टवर्क, त्यांचा 'ऑटोबान' १९७४ चा. शिवाय अहमदाबादची एक शाखा सापडली. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकेच्या डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभा करून दिला आणि तिथल्या मंडळींनी त्यावर काही वर्षं प्रयोग केले. त्या प्रयोगांच्या फिती पुढे कित्येक वर्षं कपाटात पडून होत्या. ही शाखा मी लाल शाईने लिहिली. अभिमानाच्या बाबींना आमच्याकडे लाल शाई असते.

"बाकी ठीक आहे," मी भाचीला वही दाखवत म्हणालो, "पण गंडा कुणी कुणाला बांधला ते लागत नाहीये."

"ऐकलंस काय काय?"

ऐकायला अजून सुरुवात व्हायची होती.

सुरुवात आपल्या माणसापासून करावी म्हणून चरणजित सिंग निवडले. हे मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदातले वादक. १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांची तबकडी काढली: 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. तीन यंत्रं, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठोक्यांचं यंत्र आणि टीबी-३०३. या तिसऱ्याची कहाणी करुण आहे. बासची साथ करायला माणूस मिळाला नाही तरी गिटारवाल्याला घरी रियाज करता यावा, म्हणून कंपनीने ते काढलं होतं. साथ इतकी यांत्रिक, की कुणी घेईना. १९८४ मध्ये उत्पादन बंद. मग ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं, शिकागोच्या पोरांनी त्याच्या खुंट्या नको तितक्या पिळल्या आणि १९८७ मध्ये फ्यूचर या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' आली. तीच ॲसिड हाउसची गंगोत्री मानतात. आणि आमच्या सिंगसाहेबांनी त्याच यंत्रावर पाच वर्षं आधी ललत, तोडी, मालकंस वाजवून ठेवलेले! सिनेमात तेव्हा डिस्कोचा पूर आला होता. त्यांनी फक्त ठोका तिथला घेतला आणि वर राग ठेवले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय त्या यंत्रात आहे, म्हणजे आपली मींडच. तबकडी काही खपली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली आणि सत्तरी गाठलेले सिंगसाहेब परदेशी महोत्सवांत वाजवू लागले. २०१५ मध्ये ते गेले.

एवढं वाचल्यावर मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर 'आपण पाश्चात्त्यांच्या पाच वर्षं पुढे!' असा मजकूर टाकला, खाली तिरंगा. तबकडी तोवरही ऐकली नव्हती, कारण प्रहराची अडचण. ललत पहाटेचा. तो संध्याकाळी भांडुप आणि नाहूरच्या मध्ये उभ्याने ऐकायचा कसा? मुलगा म्हणाला, मोबाइलला प्रहर नसतो. असेल, मला आहे.

म्हणून भल्या पहाटे हेडफोन घालून मुलुंड पूर्वेच्या संभाजी मैदानात गेलो. आणि तिथे तो सोळाचा साक्षात्कार झाला. या ठोक्यांच्या यंत्रात एका ओळीत सोळा घरं असतात. ज्या घरात हवा त्यात ठोका भरायचा आणि ओळ पुन्हा पुन्हा फिरू द्यायची. सोळा म्हणजे तीनताल! मी चालता चालता हातावर ताल धरला. ठोके पडतात पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरात. पहिलं घर सम, उत्तम. पाचवं आणि तेरावं टाळीची, तेही उत्तम. पण नववी मात्रा ही खाली! तिथे आम्ही हात उघडा सोडतो, पुढे डग्गा घटकाभर तोंड मिटतो, गाणाऱ्याला जरा श्वास मिळतो. या लोकांनी तिथेही ठोका ठेवलाय, आणि तोही समेइतकाच दांडगा.

दुसरी आपत्ती अशी, की हाउसची लय मिनिटाला सव्वाशे ठोक्यांच्या आसपास असते. म्हणजे सोळा घरांचं आवर्तन दोन सेकंदांत संपतं. दर दोन सेकंदांनी सम आणि दर समेला मान, हे वडिलांच्या हिशेबात कुठेच नव्हतं. मी निष्ठेने हलवत राहिलो. पाय आपोआप ठोक्यावर पडू लागले, मैदानातली तरुण मंडळी मागे पडली, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बाकावरून "कुणी मागे लागलंय का हो?" अशी काळजीची चौकशी झाली. आठवडाभरात मान आखडली.

"पडलात का कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. समेवर येत होतो."

त्यांनी मानेला पट्टा दिला आणि बायकोकडे बघून गोळ्याही वाढवल्या.

पट्टा घालून लोकलमध्ये ऐकणं सुरू ठेवलं. एकदा विक्रोळीपासून मुलुंडपर्यंत फार वरच्या दर्जाचं काहीतरी ऐकलं: वरवर खडखडाट, पण आत एक धिमी लय, मधूनच लोखंडी किंकाळी. उतरताना पाहिलं तर हेडफोनची बॅटरी मेलेली. भाचीला सांगितलं तर ती हसली नाही, उलट खूष झाली. म्हणाली, पॅरिसच्या पिएर शेफेर यांनी १९४८ मध्ये स्टेशनावरच्या आगगाड्यांचे आवाज मुद्रित करून त्यांचीच रचना केली होती, या सगळ्याची एक सुरुवात तिथे आहे. "तू आता प्रत्यक्ष ऐकायला चल."

प्रत्यक्ष म्हणजे अंधेरी पश्चिमेचा एक क्लब. वेळ नऊची. मी शिरस्त्याप्रमाणे साडेआठला हजर: घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रो, अंगात झब्बा, खांद्याला शबनम, पायात कोल्हापुरी. दाराशी उभ्या पहिलवानाने माझ्या पायांकडे बघितलं.

"अंकल, चप्पल अलाउड नहीं."

"काढूनच जाणार आहे," मी म्हणालो. गाण्याला बसताना चपला बाहेर काढतात, एवढं मला कळतं. त्याला ते कळलं नाही. शेवटी भाचीने ऑफिसातल्या एका मुलाचे बूट मागवले. ते पायाला इतके मोठे, की मी आत शिरल्यावर बूट थोड्या वेळाने शिरत होते. आत कुणी नव्हतं. एक मुलगा फरशी पुसत होता. "तंबोरे लागायचे असतील," असं मी स्वतःला समजावलं आणि पुढून तिसरी रांग शोधू लागलो. तिथे रांगाच नसतात. बसायची सोय होती, पण टेबलाचा किमान खर्च ऐकून मी उभं राहणं पसंत केलं. माणसं यायला लागली साडेअकराला. एरवी त्या वेळी मी पहिल्या झोपेत असतो.

भाचीने कानात फोमचे बोळे घालायला दिले. ते घातले आणि मग ते सुरू झालं. आवाज कानांतून येतच नव्हता. बरगड्यांतून येत होता. मोबाइलवर माझ्याकडे डेसिबल मोजायचं ॲप आहे, गणपतीत लागतं म्हणून. सवयीने ते काढलं. आकडा शंभरच्या पुढे. शेजारच्या तरुणाला दाखवला, तर त्याने अंगठा वर करून माझं अभिनंदन केलं.

तासाभराने मात्र काहीतरी जमू लागलं. डीजे कसलेला होता. एकाच चार सुरांच्या तुकड्यावर तो किती वेळ राहिला! आधी तो तुकडा पाण्याखालून आल्यासारखा दबका, मग हळूहळू त्याचा पडदा उघडत नेला, मग खालून बास काढून घेतला. ही बढत आहे, हे माझ्या ध्यानात आलं आणि पट्ट्यातल्या पट्ट्यात मान हलली. मग ठोका गेला. वरचा आवाज चढत, दाटत, घट्ट होत गेला आणि एका क्षणी सगळंच थांबलं. निखळ शांतता. अशी जागा आमच्या गाण्यात आली की दाद देणं कर्तव्य असतं.

"क्याऽऽ बात है!"

कानात बोळे असताना आपण किती मोठ्याने बोलतो ते आपल्याला कळत नाही. सगळा क्लब वळला. डीजेने मान वर केली. भाची खांबामागे गेली. आणि पुढच्याच ठोक्याला बास असा कोसळला, की लोकांना वाटलं, ते मीच सांगितलं. त्यानंतर प्रत्येक वेळी ठोका गेला की चार पोरं माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मी निराश केलं नाही.

एक वाजून गेला तरी संपायचं चिन्ह दिसेना. एक गाणं संपतं कुठे आणि दुसरं सुरू होतं कुठे, हे तिथे कळूच देत नाहीत. तोच त्यांचा रियाज. शेवटी ऑर्केस्ट्राला पाठवतात तशी चिठ्ठी लिहिली: 'आता भैरवी घ्यावी, ही विनंती.' डीजेने ती टॉर्चखाली धरून उलटसुलट वाचली आणि मला नमस्कार केला. भैरवी आली नाही. दीडला दिवे लागले. मुंबईत ते काम परवान्यातली वेळ करते.

लोकल नाही, मेट्रो नाही. रिक्षाने मध्यरात्रीनंतरचं सव्वापट भाडं सांगितलं. मागच्या सीटच्या कानाशी दोन स्पीकर, त्यांत भोजपुरी रिमिक्स. पवई येईपर्यंत मी रिक्षावाल्याला नवव्या मात्रेचा प्रश्न समजावून सांगितला. त्याने आवाज वाढवला.

नंतर आला गणपतीचा मोसम. दर वर्षी मी पोलीस ठाण्यात एक पत्र देतो: ध्वनिप्रदूषण नियम २०००, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, वगैरे. मसुदा तयार होताच. त्यातच मंडळाची पोरं वर्गणीला आली.

"काका, यंदाचं पत्र?"

"तयार आहे. बँजो कुणाचा लावलाय?"

"तोच, मागच्या वर्षीचा. ऑक्टोपॅडवाला भारी आहे."

ऑक्टोपॅड! मी त्यांना बसवलं. ऑक्टोपॅडही रोलँडचाच, १९८५ चा. म्हणजे शिकागोच्या पोरांची यंत्रं जिने काढली तीच कंपनी आपल्या मिरवणुकीलाही पुरवठा करते, हे सांगितलं. वही दाखवली. त्यातला बँजो मूळचा जपानी ताइशोगोतो, १९१२ चा, हेही सांगितलं. मागच्या वर्षी खालचा ठोका फाटत होता, बास जरा कमी करून तो सुटा ठेवा, आणि खालीवर निदान अर्ध्या ताकदीने मारा, असं सुचवलं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चांगल्या साउंडला पैसे जास्त लागतात, असं अतिशय नम्रपणे निदर्शनास आणलं. पावती फाडली ती गेल्या वर्षीच्या दुप्पट रकमेची. तपशिलाच्या रकान्यात लिहिलं, 'साउंडसाठी विशेष देणगी'.

पोरं गेल्यावर बायकोने ती पावती उचलली, टेबलावरच्या पत्राशेजारी ठेवली आणि टाचणी पुढे करत विचारलं, "ही पण जोडायची का पोलिसांना?"