बुद्धिबळ स्पर्धा कशी भरवावी (पंखे, पालक आणि बुकहोल्झसह)

तालुक्याच्या गावी एकदिवसीय जलद बुद्धिबळ स्पर्धा भरवावीशी वाटणं हा काही आजार नव्हे. पण एकदा वाटलं की ते दर वर्षी उलटतं, म्हणून आधीच नीट समजून घेतलेलं बरं. हे मार्गदर्शन ज्यांनी अजून हॉलची अनामत भरलेली नाही त्यांच्यासाठी आहे. ज्यांनी भरली आहे त्यांनी मधला मजकूर सोडून थेट पालकांकडे वळावं, कारण पालक त्यांच्याकडे वळलेलेच असतील.

सर्वप्रथम एक कैलासवासी लागतात. स्मृतिचषक नसेल तर स्पर्धेला बूड राहत नाही. कैलासवासींना बुद्धिबळ येत होतं की नाही, याची चौकशी करू नये. त्यांच्या चिरंजीवांचं बाजारपेठेत सळई-सिमेंटचं दुकान आहे का, एवढंच पाहावं. चिरंजीव चषक देतात, फ्लेक्सचा खर्च उचलतात आणि फ्लेक्सवर वडिलांचा फोटो गुकेशच्या फोटोपेक्षा मोठा असावा अशी माफक अट घालतात. ती मान्य करावी. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला हे खरंच, पण त्याने आपल्या स्पर्धेला अकरा हजार दिलेले नाहीत.

त्यानंतर संघटना. जागतिक बुद्धिबळ महासंघ, म्हणजे फिडे, १९२४ साली पॅरिसमध्ये स्थापन झाला आणि 'आपण सारे एक कुटुंब' अशा अर्थाचं लॅटिन ब्रीद त्याने घेतलं. कुटुंब म्हटलं की भाऊबंदकी ओघाने आलीच. आपल्याकडे एक संघटना आहे असं कळलं तर दुसरी कुठे आहे ते शोधून काढावं, ती असतेच. एकीच्या अध्यक्षांना उद्घाटनाला बोलवावं, दुसरीच्या सचिवांना बक्षीस समारंभाला. दोघांची गाठ पडू नये म्हणून मध्ये आठ तास ठेवावेत. उद्घाटन तीन तास उशिरा झालं तरी पाच उरतात.

घरी मात्र काही सांगू नये. 'रविवारी थोडं काम आहे' एवढं पुरतं. हा नाद आजकालचा नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं ते १९४१ साली, आणि तिथल्या उन्हाळी स्पर्धा म्हणजे अनेकांच्या सुट्टीचा ठरलेला मुक्काम. म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षं आपल्या लोकांनी पदरमोड करून दुसऱ्यांना खेळायला बसवलं आहे. त्यांच्या घरचे काय म्हणत असतील ते लिहून ठेवलेलं नाही, पण आपल्या घरी ऐकलं की अंदाज येतो.

हॉल म्हणजे मंगल कार्यालय. लग्नाची तिथी नसलेला रविवार गाठावा. बुकिंगला जाताना भाडं विचारण्याआधी पंखे लावून बघावेत. जो पंखा हळू फिरत नाही तो निकालाच्या चिठ्ठ्या उडवतो, आणि जो फिरतच नाही त्याच्याखालच्या टेबलावर नेमके अध्यक्षांचे नातू येतात. वरच्या मजल्यावर साखरपुडा नाही ना, याची खातरजमा मॅनेजरकडे न करता आचाऱ्याकडे करावी.

वेळेचा हिशेब कागदावर फार सुंदर होतो. प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला ५ सेकंद जादा. डाव साठ चालींचा धरला तरी एका खेळाडूची २० मिनिटं, दोघांची मिळून ४०. सात फेऱ्या म्हणजे २८० मिनिटं, पावणेपाच तासही नाहीत. नऊला सुरुवात, दुपारी जेवण, चारला बक्षीस समारंभ, पाचला घरी चहा. हे वेळापत्रक पत्रकावर छापावं. पत्रकावर आणखीही बऱ्याच गोष्टी छापायच्या असतात, उदाहरणार्थ 'भरघोस बक्षिसे' आणि 'पंचांचा निर्णय अंतिम राहील'.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे पहिल्या टेबलावर पहिली चाल करतात. ही चाल सोपी नाही. पाहुण्यांनी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकायचं असतं. पण त्यांचा हात घोड्याकडे जातो, कारण घोडा ओळखता येतो. तिथे शेजारी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याने कानाशी लागावं. पाहुणे घोडा सोडतात, वजिराचं प्यादं उचलतात, तेवढ्यात फोटोग्राफर म्हणतो, 'साहेब, वर बघा.' साहेब वर बघतात आणि प्यादं तीन घरं पुढे जातं. 'अजून एकदा साहेब.' हात लावलेली सोंगटी खेळलीच पाहिजे हा बुद्धिबळाचा मूलभूत नियम, आणि स्पर्धेची सुरुवात तो चार वेळा मोडून होते. समोर बसलेला अव्वल मानांकित खेळाडू या वेळी चेहरा कोरा ठेवतो. साहेब गेले की तो सगळं पूर्ववत लावतो आणि घड्याळ सुरू होतं. भाषणात 'बुद्धिबळाने बुद्धी तल्लख होते' हे वाक्य येतंच. त्याला टाळ्या वाजवाव्यात, म्हणजे दुसरं येत नाही.

आता जोड्या. समजा १४० खेळाडू आले. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं ठरवलं तर १३९ फेऱ्या होतील, रोज सात म्हटल्या तरी वीस दिवस, आणि कार्यालय आपल्याकडे संध्याकाळी सहापर्यंतच आहे. म्हणून स्विस पद्धत. ती १८९५ साली झुरिकमध्ये पहिल्यांदा वापरली गेली आणि तेव्हापासून कोणत्याही पालकाला पटलेली नाही. कोणीही बाद होत नाही, दर फेरीत साधारण सारख्या गुणांचे दोघे समोरासमोर येतात, एवढंच तिचं म्हणणं. पण पहिल्या फेरीत कोणाचेच गुण नसल्यामुळे यादीचे दोन भाग करतात आणि पहिला क्रमांक एकाहत्तराव्याशी, दुसरा बाहत्तराव्याशी असा खेळतो. एकाहत्तरावा म्हणजे इयत्ता तिसरी, पहिलीच स्पर्धा, सोबत आजी. 'पहिल्याच डावाला एवढा मोठा मुलगा का दिला हो?' या आजींच्या प्रश्नाला झुरिकमध्येही उत्तर नाही. लिमलेटची गोळी द्यावी. नातवाला.

एकाला पोटदुखीने घरी जावं लागतं आणि आकडा विषम होतो. मग गुणतक्त्यात तळाशी असलेल्या एकाला बाय मिळतो, म्हणजे न खेळता पूर्ण गुण. दिवसभरातला हा पहिला गुण मिळाल्यावर त्या मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो पहिल्या टेबलावर कुठल्याच फेरीत दिसत नाही, म्हणून बाय जाहीर करताना आवाज मोठा ठेवावा.

पालकांना खेळाच्या जागेत प्रवेश नाही. हे दोरी बांधून, फलक लावून आणि माइकवरून सांगावं. तिन्ही केल्यावर पालक खिडकीत जातात. खिडकीतल्या पालकाला पट दिसत नाही, पण त्याला त्याची गरजही नसते; तो मुलाचे कान बघतो. कान लाल झाले म्हणजे मोठी सोंगटी गेली. पाय हलायला लागले म्हणजे जिंकतोय आणि घाई करणार. 'बाळा, टाइम आहे, विचार कर,' हे वाक्य ओठ न हलवता काचेपलीकडे पोचवण्याची कला काही आयांनी साध्य केली आहे. एखादे वडील मोबाइलवर डाव मांडून बसलेले असतात आणि मुलगा बाहेर आल्याबरोबर त्याला इंजिनाने काय सुचवलं असतं ते सांगतात. मुलाला त्या वेळी वडापाव हवा असतो. आयोजकाने इथे मधे पडून मुलाला वडापावच्या टेबलाकडे न्यावं. स्पर्धेचं यश बऱ्याच अंशी या टेबलावर अवलंबून आहे.

पंच नेमताना डोक्यावर बर्फ असलेला माणूस नेमावा. नऊ वर्षांखालील गटात एकाच टेबलावरून दोन हात वर होतात. 'सर, याने माझा राजा खाल्ला.' 'सर, मी आधी शह दिला होता, त्याने बघितलाच नाही.' पंच वाकून पाहतो तर राजा खरोखरच पटाबाहेर आहे आणि त्यानंतरही आठ-दहा चाली झाल्या आहेत. हे खेळाडूंचं अज्ञान आहे असं समजू नये. जलद बुद्धिबळाच्या नियमावलीत अशा मुलांचा विचार केलेला आहे. दोन्ही राजांना एकाच वेळी शह बसलेला पंचाला दिसला, तर त्याने पुढची चाल पूर्ण होईपर्यंत थांबावं, आणि तरीही परिस्थिती तशीच असेल तर डाव बरोबरीत सुटल्याचं जाहीर करावं, असं त्यात लिहिलं आहे. जागतिक महासंघाच्या समितीत कधी तरी कोणाच्या तरी शेजारी दुसरीतला मुलगा बसलेला असणार, त्याशिवाय हे सुचत नाही. तशीच गोष्ट उलट्या हत्तीची. प्यादं शेवटच्या घरात पोचलं, जादा वजीर मिळाला नाही, की मुलं हत्ती उलटा ठेवून तिरकाही चालवतात. उलटा हत्ती हा हत्तीच. घराघरांत मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या वजीर आहे, त्यामुळे हा निर्णय दिल्यावर आजोबा आणि नातू दोघेही नाराज होतात.

ज्येष्ठांना वेगळं बक्षीस ठेवावं. निवृत्त शाखाधिकारी, माध्यमिक शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले हेडमेकॅनिक अशी मंडळी स्वतःची गुंडाळीची चटई आणि लाकडी सोंगट्या घेऊन साडेआठला हजर असतात, म्हणजे हॉलचं कुलूप उघडण्याआधी. यांचा खेळ भक्कम असतो, पण चाल केल्यावर घड्याळ दाबायचं राहून जातं. पंचाने आठवण करून द्यायची नसते. समोरची दोन वेण्यांची मुलगी त्या घड्याळाकडे पाहते, मग काकांकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. एखादी मुलगी बोटाने दाखवते. बहुतेक जणी दाखवत नाहीत, आणि तेही बरोबरच आहे. वेळ संपून हरल्यावर काका उठून तिच्याशी हात मिळवतात, 'कुठल्या क्लासला जातेस?' म्हणतात, आणि पुढच्या फेरीत घड्याळ दाबायचं पुन्हा विसरतात.

मुलींचा विषय निघालाच आहे म्हणून. 'उत्कृष्ट महिला खेळाडू' या बक्षिसाला समिती हमखास स्टीलचा डबा सुचवते. रोहिणी खाडिलकर १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, १९८१ साली आशियाई विजेत्या झाल्या. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक घेऊन आली आणि ग्रँडमास्टर झाली. डबा सुचवणाऱ्या सदस्याला जेवणाच्या कूपनांचं काम द्यावं.

शेवटची फेरी संपते आणि बुकहोल्झ सुरू होतो. दोघांचे साडेसहा गुण, चषक एक. अशा वेळी दोघांनी ज्यांच्याशी डाव खेळले त्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज करतात आणि बहुधा त्यातला सर्वांत कमी आकडा सोडून देतात. ज्याची बेरीज जास्त तो वरचा. ही युक्ती १९३२ साली ब्रुनो बुकहोल्झ या जर्मन गृहस्थांनी काढली. ते हयात नाहीत हे आधीच सांगून टाकावं, म्हणजे 'त्यांचा नंबर द्या' असं कोणी म्हणत नाही. तत्त्व साधं आहे, तगड्यांशी खेळून मिळवलेले गुण जास्त मोलाचे. परिणाम मात्र असा, की तुमच्या मुलाचा चषक तिसऱ्या फेरीत त्याच्याकडून हरलेला जयसिंगपूरचा मुलगा शेवटचा डाव जिंकतो की घालवतो यावरही ठरू शकतो. हे ज्या वडिलांना कळतं ते सातव्या फेरीत स्वतःच्या मुलाची खिडकी सोडून जयसिंगपूरच्या खिडकीत जाऊन उभे राहतात. त्यांना हुसकू नये. स्विस पद्धतीचा एवढा सखोल अभ्यास जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केलेला नाही.

बक्षीस समारंभ सात वाजता होतो. चषक मोजून ठेवलेले असूनही एक कमी पडतो, कारण सर्वांत लहान खेळाडूचं बक्षीस जाहीर केल्यावर त्याच्याहून सतरा दिवसांनी लहान खेळाडू जन्मदाखल्यासह सापडतो. म्हणून चषक दोन जास्त आणावेत. ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांना प्रमाणपत्र. त्यावरचं नाव खेळाडूलाच लिहू द्यावं, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी आपल्यावर येत नाही.

हिशेब त्याच रात्री करावा, राग ताजा असताना. १४० प्रवेशिका, प्रत्येकी ३०० रुपये, एकूण ४२,०००. यातून बक्षिसाची रक्कम, हॉल, पंचांचं मानधन, मेडल्स, पाण्याचे जार आणि स्वयंसेवकांचं जेवण वजा केलं की जो आकडा उरतो त्याच्या आधी एक आडवी रेघ असते. चिरंजीवांनी कबूल केलेले अकरा हजार सोमवारी दुकानावर जाऊन आणावेत. मंगळवारी गेल्यास ते पाच होतात.

निकाल वेबसाइटवर चढवला की फोन बंद करावा. खेळाडूच्या खिशात फोन वाजला तर डाव जातो. आयोजकाचा रात्री सव्वादहाला वाजला तर पलीकडे सहाव्या क्रमांकाचे वडील असतात, त्यांनी बेरीज पुन्हा करून पाहिलेली असते आणि त्यांच्या मते अर्ध्या गुणाचा फरक आहे. फोन उचललाच, तर लॅपटॉप उघडण्याआधी त्यांना विचारावं, पुढच्या वर्षी समितीवर येता का. येतात.